क्षितिजाची रेघ

निसर्गचित्र काढायला बसलेला चित्रकार कागदावर पहिली रेघ ओढतो ती बहुतेक वेळा क्षितिजाची. झाडं, घरं, पाणी, माणसं नंतर येतात. ही रेघ वर गेली तर जमीन पसरते आणि आपण उंचावरून खाली बघू लागतो. खाली आली तर आभाळ वाढतं आणि आपण मातीवर उभे असल्याचं जाणवतं. काहींनी ही रेघ धुक्यात बुडवली, काहींनी ती काढलीच नाही. रंग कोणता, कुंचला किती जाड, हे सगळं ठरण्याआधी घेतलेला हा निर्णय असतो, आणि चित्रकार स्वतःला जगात कुठे उभं करतो हे त्यात ठरून जातं. निसर्गचित्राचा दीड हजार वर्षांहून मोठा इतिहास या एका रेघेच्या मागोमाग जाऊन सांगता येतो, अशी माझी खात्री आहे. हे पुस्तक त्याच खात्रीतून लिहिलं.

लेण्यांवर, व्यक्तिचित्रांवर, आधुनिक कलेतल्या वादांवर मराठीत चांगलं लेखन झालं आहे. निसर्गचित्राच्या वाट्याला बहुधा ‘कसं काढावं’ हे शिकवणारी पुस्तकं आली. ती उपयोगाची आहेत, आणि अनेकांच्या हातात पहिला ब्रश त्यांनीच दिला. पण चित्र न काढणाऱ्या, नुसतं बघणाऱ्या माणसाला या प्रांताचा नकाशा हवा असतो. डोंगर आणि झाड हा चित्राचा स्वतंत्र विषय कधी झाला, कुणामुळे झाला, आपल्याकडे तो कसा आला आणि इथल्या उन्हात त्याचं काय झालं, हे प्रश्न त्याचे आहेत. हे पुस्तक आधी त्याच्यासाठी आहे.

चीनमध्ये निसर्गचित्राला मान फार लवकर मिळाला. पाचव्या शतकातला झोंग बिंग म्हातारपणी डोंगर चढेनासा झाला, तेव्हा त्याने आयुष्यभर पाहिलेले डोंगर घराच्या भिंतींवर रंगवले आणि अंथरुणात पडून तो त्यांत हिंडू लागला, असं परंपरा सांगते. चित्र म्हणजे हिंडायची जागा, ही कल्पना तिथे मुळापासून आहे. इसवी सन १०००च्या आसपास फान ख्वानने रंगवलेला रेशमी पट दोन मीटरहून उंच आहे. त्याचा बहुतेक भाग एका प्रचंड कड्याने व्यापला आहे आणि तळाशी खेचरांचा एक तांडा आहे, इतका लहान की तो शोधावा लागतो. पुढे १०७२ साली ‘वसंतारंभ’ हे चित्र काढणाऱ्या ग्वो शीने डोंगर बघण्याची तीन अंतरं सांगितली: पायथ्यापासून शिखराकडे, समोरच्या डोंगरातून मागच्या डोंगराकडे, आणि जवळच्या माथ्यावरून दूरच्या माथ्यांकडे. ही तिन्ही एकाच चित्रात नांदू शकतात. नाणेघाट चढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पायथ्याला मान वर होते, घळीत नजर खोल जाते, पठारावर पोचलं की लांब पसरते, आणि घरी आल्यावर आठवतो तो घाट या तिन्ही नजरांचा मिळून असतो. चिनी चित्रकाराने ती आठवण रंगवली. म्हणून त्याच्या चित्रात क्षितिजाची एकच पक्की रेघ सापडत नाही. मध्ये मध्ये कोरं रेशीम असतं, ते धुकं असतं, आणि त्यातून नजर एका अंतरातून दुसऱ्या अंतरात जाते.

युरोपात हा प्रवास बराच उशिरा आणि आडवळणाने झाला. रोमन लोकांनी भिंतींवर बागा रंगवल्या होत्या. पण नंतर कित्येक शतकं डोंगर-नदी ही संतांच्या आणि राजांच्या पाठीमागची जागा भरायला येत होती. सिएना शहराच्या नगरसभागृहात अँब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेलं भित्तिचित्र मला या टप्प्यावर फार महत्त्वाचं वाटतं. चांगलं शासन असलं की शेतं कशी पिकतात, रस्ते कसे निर्धास्त वाहतात हे त्याने एका भिंतीवर दाखवलं आणि समोरच्या भिंतीवर वाईट शासनाखालचा ओसाड, जळका मुलूख. जमिनीची अवस्था ही राज्यकारभाराची साक्ष असते, हे इतक्या स्पष्टपणे त्याच्याआधी क्वचितच कुणी रंगवलं असेल. पुढे सोळाव्या शतकात पाटिनिर आणि आल्टडॉर्फर यांच्या हातून कथा आक्रसत गेली आणि मुलूख वाढत गेला. आल्टडॉर्फरने तर माणूसच नसलेली चित्रं काढली. ब्रॉयगेलने १५६५ साली ऋतूंची जी मालिका केली, तिच्यातलं बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं चित्र वरून, जणू टेकडीच्या खांद्यावरून पाहिलेलं आहे. तिथे क्षितिज अजून उंच आहे.

ते खाली आणलं डच चित्रकारांनी, सतराव्या शतकात. समुद्र हटवून मिळवलेली सपाट जमीन, वर ढगांचा सततचा वावर, आणि घरात लावायला चित्र विकत घेणारा मध्यमवर्ग, या तिन्हींतून ही शैली घडली. याकोब फान राइसडालने हार्लेम शहराची दुरून दिसणारी जी चित्रं काढली, त्यांत साधारण दोन तृतीयांश आभाळ आहे. खाली मैदानावर पांढरे पट्टे दिसतात. ते धुवून उन्हात वाळत घातलेलं तागाचं कापड आहे, त्या शहराचा धंदा. ढगातून उतरलेलं ऊन नेमकं त्या कापडावर पडतं. या चित्रांसमोर उभं राहिलं की कळतं, निसर्गचित्रात माणूस आकृतीने नसला तरी त्याचं काम तिथे असतं. राइसडालवर या पुस्तकात बरीच पानं खर्ची पडली आहेत, ती याच कारणाने.

त्याच काळात रोममध्ये क्लोद लोरँ सोनेरी संध्याप्रकाशात न्हालेली, दोन्ही बाजूंना झाडांच्या विंगा असलेली आदर्श दृश्यं रचत होता. ती इतकी लोकप्रिय झाली की पुढे इंग्लंडमधले जमीनदार आपल्या बागा त्याच्या चित्रांसारख्या करून घेऊ लागले. पॅरिसच्या अकादमीत मात्र १६६७ साली फेलिबियाँने चित्रविषयांची जी उतरंड लावली, तिच्यात इतिहास-पुराणाची चित्रं सर्वांत वर आणि निसर्गचित्र खालच्या पायऱ्यांवर, फळाफुलांच्या थोडं वर. ही उतरंड मोडायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. ती मोडण्यात कॉन्स्टेबलचा हात मोठा आहे. १८२१-२२ मध्ये त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर बसून केवळ ढगांची चित्रं काढली आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. क्षितिज तर त्यांतल्या कितीतरी चित्रांत नाहीच. टर्नरने दुसरी वाट धरली. त्याच्या १८४४च्या ‘पाऊस, वाफ आणि वेग’ या चित्रात आगगाडी, पूल, नदी आणि सर एकमेकांत विरघळली आहेत. पावसात घाट उतरणारी गाडी पाहिलेल्या आपल्या वाचकाला ते चित्र परकं वाटणार नाही.

यानंतरच्या गोष्टी अनेकांच्या कानावरून गेलेल्या असतात, म्हणून इथे भरभर जातो. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंगासाठी पत्र्याची दाबायची ट्यूब शोधली आणि तयार रंग खिशात घालून बाहेर पडणं सोपं झालं. बार्बिझाँ गावचे चित्रकार फाँतेनब्लोच्या जंगलात जाऊन बसले. १८७४मध्ये मोने आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. सेझान एकाच पर्वताकडे वर्षानुवर्षं परतत राहिला. होकुसाई आणि हिरोशिगे यांचे लाकडी ठसे जपानहून युरोपात पोचले आणि तिथल्या चित्रकारांनी चौकटीच्या कडेला झाड कापणं आणि क्षितिज बिनधास्त हलवणं त्यांच्याकडून घेतलं.

आपल्याकडे निसर्गचित्र होतं का, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. माझं उत्तर असं की होतं, पण एकटं नव्हतं. बारमासा आणि रागमाला या लघुचित्रांच्या परंपरांत ऋतू हा नायिकेच्या मनाचाच भाग आहे. पहाडी चित्रांत श्रावणाचे ढग, त्यांच्या काळ्या कडेने सरकणारी वीज आणि बगळ्यांची रांग इतक्या मायेने रंगवली आहे की चित्रकाराने ते ढग तासन्‌तास पाहिले असणार याबद्दल शंका राहत नाही. या चित्रांत क्षितिज बहुधा खूप वर असतं आणि आभाळ वरच्या कडेला एका पट्टीत बसवलेलं. मुलूख उभा केल्यासारखा समोर येतो, त्यामुळे पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच जवळ राहतं. विरहिणीला दूरचा डोंगर दूर वाटत नसतो. ही रचना अज्ञानातून आलेली नाही, ती भावाच्या गरजेतून आली आहे, आणि पुस्तकात ती त्याच मानाने मांडली आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्रज चित्रकार आले तेव्हा एक वेगळीच नजर आली. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी १७८६ ते १७९३ या काळात देशभर फिरून रेखाटनं केली आणि नंतर १४४ छापील दृश्यांची मालिका काढली. जेम्स वेल्स मुंबई-पुण्यात काम करत होता. याच वर्तुळात पुण्याचा गंगाराम तांबट होता, ज्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. पेशवाईतल्या एका मराठी माणसाने यथार्थदर्शनाची नवी रीत शिकून आपल्याच मुलखातले कातळ कागदावर उतरवले, ही घटना आपल्या कलेच्या इतिहासात जितकी ठळक असायला हवी तितकी नाही. कंपनीच्या काळातल्या या दृश्यांत राज्यकर्त्याची नजर होती हे खरं. भग्न देऊळ, त्याला वेढलेला वड, कोपऱ्यात दोन देशी माणसं ही त्यांची ठरलेली मांडणी. तरीही आज कित्येक ठिकाणं तेव्हा कशी होती हे जाणून घ्यायला आपल्याला त्यांच्याकडेच जावं लागतं.

१८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या नावाची कलाशाळा सुरू झाली, १८८८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी आली, आणि इंग्रजी जलरंगाची पद्धत आपल्या मुलांच्या हातात पडली. इथे या पुस्तकाचा गाभा आहे. ती पद्धत ओलसर हवेसाठी घडलेली होती. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश, त्यावर पातळ वॉश, तो वाळायच्या आत दुसरा, कडा विरघळलेल्या. एप्रिलमध्ये देशावर हा वॉश ब्रश उचलायच्या आत वाळतो. जुलैत कोकणात तो दुपारपर्यंत वाळतच नाही. शिवाय इंग्लंडचं क्षितिज निळसर, मऊ. आपल्याकडे लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला सह्याद्री, सपाट माथ्याचे डोंगर, उभे कडे. इथे डोंगराचा माथाच क्षितिज होतो आणि दुपारच्या उन्हात त्याची कड पात्यासारखी दिसते. शिकलेली रीत आणि समोरचा प्रकाश यांचा मेळ घालण्यात दोन पिढ्या गेल्या. सकाळी लवकर आणि कलत्या उन्हात बसायचं, सावलीतला जांभळा धीटपणे लावायचा, भगभगीत माळासाठी कागद जवळजवळ कोराच सोडायचा, हे सगळं इथे शोधलं गेलं. आजही कलाशाळेतली मुलं पहाटे ‘लँडस्केपला’ निघतात, त्या वेळेमागे हा शोध आहे.

या शोधातलं सर्वांत मोठं नाव माझ्या मते आबालाल रहिमान यांचं. जे. जे.त शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय लाभला, आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत ते तिथली तळी, नदीकाठ, झाडी रंगवत राहिले. त्यांच्या सुट्या, थरथरत्या फटकाऱ्यांमुळे त्यांचं नाव फ्रेंच दृक्‌प्रत्ययवाद्यांशी जोडलं जातं. मला ती तुलना पुरती पटत नाही. पाण्यावरचं ऊन रोज, त्याच काठावरून बघणाऱ्याच्या हाताला ते फटकारे आपसूक सापडू शकतात. त्यांच्या चित्रांत क्षितिज बहुधा झाडांनी झाकलेलं असतं आणि आपण काठावर, पाण्याच्या अगदी जवळ असतो. सावळाराम हळदणकरांचे जलरंग आणि ल. ना. तासकरांचे गजबजलेले घाट-बाजार हे याच धारेतले, पण त्यांचा स्वभाव वेगळा. हळदणकरांच्या वॉशमधली स्वच्छता पाहून आजचे जलरंगकारही थबकतात.

एक धागा मात्र कलाशाळेबाहेरचा आहे आणि त्यासाठी मी वेगळं प्रकरण दिलं. सामान्य मराठी माणसाने पाहिलेली पहिली भव्य निसर्गचित्रं प्रदर्शनात नव्हती, ती संगीत नाटकांच्या रंगमंचावर होती. अरण्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, बागेचा पडदा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती मोठी होती. पुढे बाबूराव चित्रपटाकडे गेले, आणि पडद्यावरचं अरण्य कॅमेऱ्यात आलं. त्या रंगवलेल्या पडद्यांपैकी फारच थोडं उरलं आहे, हे या विषयातलं मोठं नुकसान आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला क्षितिजाची रेघ पुन्हा हलली. ऑस्ट्रियाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर मुंबईच्या तरुण चित्रकारांना रंगाचा मोकळेपणा दाखवत होते. त्यांतले रझा आधी मुंबईचे रस्ते आणि काश्मीर जलरंगात करत. १९५०मध्ये ते फ्रान्सला गेले आणि तिथून त्यांचा मुलूख हळूहळू रंगांच्या पेटत्या पट्ट्यांत आणि शेवटी बिंदूत गेला. रामकुमार १९६०च्या सुमाराला बनारसला पोचले आणि त्यांच्या चित्रांतून माणसं निघून गेली, घाट आणि घरांच्या पाट्या उरल्या. अकबर पदमसींनी ‘मेटास्केप’ मालिकेत सूर्य आणि चंद्र एकत्र आणले, त्यामागे ‘शाकुंतला’च्या नांदीची प्रेरणा होती. वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर धुक्यासारखे थर आहेत. त्यांना निसर्गचित्रकार म्हणणं त्यांना आवडलं नसतं, आणि मीही म्हणणार नाही. तरी त्या थरांसमोर उभं राहिल्यावर मला चिनी पटावरचं कोरं रेशीम आठवतं, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

आज हा विषय का काढायचा, याचं कारण मला फाँतेनब्लोत दिसतं. तिथली झाडं तोडली जाऊ लागली तेव्हा तेओदोर रूसो आणि इतर चित्रकारांनी आवाज उठवला, आणि १८६१ साली जंगलाचा सुमारे १,१०० हेक्टर भाग केवळ कलेसाठी राखून ठेवण्यात आला. १८७१ साली थॉमस मोरान यलोस्टोनच्या पाहणीसोबत गेला. त्याची जलरंगचित्रं आणि विल्यम जॅक्सनची छायाचित्रं अमेरिकेच्या काँग्रेससमोर ठेवली गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. एखादी जागा बघण्याजोगी आहे हे चित्राने आधी सांगितलं, कायदा मागून आला. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, कास त्यांत आहे. त्या आधी आणि नंतरही डोंगर पोखरले जात आहेत, उतार ढासळत आहेत. माळीण २०१४ साली गाडलं गेलं, इर्शाळवाडी २०२३मध्ये. अशा काळात फक्त फुललेलं पठार आणि धबधबा रंगवत राहणं मला पुरेसं वाटत नाही.

म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या भागात सुधीर पटवर्धन आहेत. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत त्यांनी ‘लोअर परळ’सारख्या चित्रांतून गिरण्या, पूल, वस्त्या यांचा मुलूख उभा केला. चंद्रपूर जिल्ह्यातले प्रभाकर पाचपुते आहेत. त्यांनी कोळशाच्या खाणींनी उलटापालटा झालेली जमीन कोळशानेच रेखाटली. लोरेन्झेत्तीच्या दोन भिंतींशी या दोघांचं थेट नातं आहे, आणि त्यांना निसर्गचित्राच्या इतिहासाबाहेर ठेवणं मला चुकीचं वाटतं. वारली चित्रांतला शेत-डोंगर-झाडांचा मुलूखही इथेच, जिव्या सोमा मशे यांच्या कामाच्या निमित्ताने, घेतला आहे. त्या चित्रांत क्षितिज लागतच नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. बंगालमधली निसर्गचित्रं, विशेषतः शांतिनिकेतनची, इथे थोडक्यात आली आहेत, कारण त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवा. छायाचित्रण जिथे चित्रकलेला भिडतं तिथेच घेतलं आहे. प्रकरणं काळाच्या क्रमाने असली तरी वाचकाने त्याच क्रमाने जावं असा आग्रह नाही. जलरंग करणाऱ्याने सह्याद्रीच्या प्रकाशावरचा भाग आधी वाचला तरी चालेल, आणि ज्याला चित्रकलेची काहीच ओळख नाही त्याने डच चित्रांपासून सुरुवात करावी. तिथे बघण्याजोगं ताबडतोब हाती लागतं. कलाशाखांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही. प्रत्येक चित्रात आपण कुठे उभे आहोत, एवढं एक विचारत गेलं की बाकीचं सुटत जातं.

छापलेल्या चित्रात जलरंगाचा कागद दिसत नाही आणि तैलरंगाचा पोत सपाट होतो. त्यामुळे मूळ चित्रांना पर्याय नाही. सुदैवाने आपल्याला त्यासाठी पॅरिस गाठायला नको. आबालालांची काही चित्रं कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. त्याच शहरात अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं बघायला मिळतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जमेल तेव्हा यांतल्या एका तरी ठिकाणी जा, एका चित्रासमोर पुरेसा वेळ थांबा, आणि मग त्याबद्दलचं प्रकरण वाचा.